गुह्य मज्जातंतूंच्या शोधाची हकीकत

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांतून रेडिओ बंद करण्यासाठीं हात पुढें झाला असेल. तो हात क्षणभर आंवरावा, एवढीच प्रारंभीं विनंति आहे. डोळा कसा पाहतो, कान कसा ऐकतो, हृदय कसें धडधडतें, या गोष्टी आपण मुलांना हौसेनें सांगतों. शरीराच्या झांकलेल्या अवयवांची पाळी आली म्हणजे मात्र शिक्षक पान उलटतात आणि वडील माणसें खोकतात. पुरुषाच्या शिश्नाला जाणारे मज्जातंतु कोठून निघतात, कोणत्या वाटेनें जातात, गर्भांत ते कसे वाढतात, आणि हें ज्ञान मनुष्याला कसें व केव्हां झालें, याचा इतिहास मी आज सांगणार आहें.

हा इतिहास केवळ जिज्ञासेपुरता नाहीं. पन्नाशी-साठी उलटलेल्या पुरुषांना मूत्राशयाच्या तोंडाशीं असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचे विकार जडतात. कधीं ती ग्रंथि नुसती वाढते, तर कधीं तींत कर्करोग होतो. कर्करोग झाला आणि ग्रंथि समूळ काढावी लागली, म्हणजे १९८२ सालापूर्वीं जवळजवळ प्रत्येक रोग्याचें दांपत्यसुख त्या शस्त्रक्रियेबरोबरच संपत असे. जीव वाचे, पण त्याची किंमत म्हणून हें सुख द्यावें लागे. आणि रोगी व शस्त्रवैद्य दोघेही तें अटळ आहे असें समजत. पुढें असें दिसून आलें कीं, तें अटळ नव्हतें. ती शिक्षा पुष्कळ अंशीं रोगाची नव्हती, अज्ञानाची होती.

या विषयावर मराठींत उघड बोलण्याची किंमत कांहीं थोर माणसांनीं पूर्वींच भरली आहे. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें आणि १९५३ सालीं त्यांचा देह पडेपर्यंत तें चालविलें. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. शरीराची खरी माहिती देणें आणि चावटपणा करणें यांत अंतर आहे, हें त्या पिढीनें कोर्टांत उभें राहून सांगितलें. आपण तें घरांत बसून ऐकावयाचें, एवढेंच आपल्या वांट्याला आलें आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ सोडविला पाहिजे. आपण बोलतांना 'नस' हा शब्द वापरतों. मानेची नस आखडली, हाताची नस फुगली, डोक्याची नस दुखते, असें म्हणतों. यांतील एक नस स्नायूची दोरी असते, दुसरी रक्तवाहिनी असते आणि तिसरी मज्जातंतु. तिन्ही वस्तु निरनिराळ्या, पण नांव एकच. हा दोष केवळ मराठीचा नाहीं. प्राचीन ग्रीक भाषेंतही 'न्यूरॉन' या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, म्हणजे मांसपेशीला हाडाशीं बांधणारी दोरी, असा होता. इसवी सनापूर्वीं सुमारें तीनशें वर्षें अलेक्झांड्रिया नगरींत हेरोफिलस नांवाच्या वैद्यानें मनुष्याचीं प्रेतें चिरून पाहिलीं, आणि संवेदना व आज्ञा वाहून नेणारे तंतु हे कंडरांहून वेगळे आहेत हें ओळखलें. मज्जातंतूंच्या शास्त्राची सुरुवात येथून झाली.

पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गॅलेन हा मोठा वैद्य होऊन गेला. डुकराच्या गळ्यांतील एक बारीक मज्जातंतु बांधला कीं त्याचें ओरडणें एकदम बंद पडतें, हा प्रयोग त्यानें लोकांसमक्ष करून दाखविला. मेंदूची आज्ञा तंतूंतून जाते, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता? परंतु हाच गॅलेन शिश्नाविषयीं लिहूं लागला म्हणजे जुन्या घोळांत सांपडतो. त्याच्या मतें तो अवयव मज्जातंतूच्याच जातीचा, पण आंतून पोकळ असा होता, आणि त्यांत वायु भरला म्हणजे तो ताठ होई. आपल्या आयुर्वेदांतही मल, मूत्र आणि शुक्र यांच्या उत्सर्जनाचें काम अपानवायूकडे सोंपविलेलें आहे. आंतली शक्ति डोळ्यांना दिसत नाहीं, तेव्हां तिला वायु म्हणावें, ही प्राचीनांची रीतच होती. गॅलेनचें मत युरोपांत हजार-बाराशें वर्षें शिरोधार्य मानलें गेलें.

त्या मताला पहिला धक्का देणारा मनुष्य वैद्य नव्हता, चित्रकार होता. लिओनार्दो द विंचीनें १४९० सालानंतर स्त्रीपुरुषांच्या समागमाचें एक छेदचित्र काढलें. तें आज इंग्लंडच्या राजसंग्रहांत विंडसर येथें आहे. त्या चित्रांत त्यानें शिश्नांतून जाणाऱ्या दोन वाटा दाखविल्या आहेत. एक मूत्राची, आणि दुसरी पाठीच्या कण्यांतून आलेल्या सत्त्वाची. अशी दुसरी वाट शरीरांत नाहीं. हें चित्र त्यानें पाहून काढलें नाहीं, पोथी वाचून काढलें. पण हाच मनुष्य पुढें स्वतः प्रेतें चिरूं लागला, आणि मग त्याची भाषा बदलली. फांसावर चढविलेल्या माणसांचीं प्रेतें त्यानें पाहिलीं. ताठरलेल्या अवयवांत वारा नसून रक्त असतें, असें त्यानें टिपून ठेविलें. त्याचा युक्तिवादही सरळ होता. वाऱ्यानें फुगलेल्या वस्तूला असा भरींवपणा येत नाहीं, आणि अवयवाचा लाल रंग रक्ताचीच साक्ष देतो. दुर्दैवानें त्याच्या वह्या शेंकडों वर्षें अप्रसिद्ध राहिल्या आणि त्याच्या शोधाचा उपयोग समकालीनांना झाला नाहीं.

जें लिओनार्दोनें वहींत लिहिलें, तें हॉलंडांतील रेनिअर द ग्राफ या तरुण वैद्यानें प्रयोगानें सिद्ध केलें. पुरुषाच्या जननेंद्रियांवरील त्याचा ग्रंथ १६६८ सालीं निघाला. त्यानें प्रेताच्या रक्तवाहिनींत पिचकारीनें पाणी घातलें, आणि मेलेल्या शरीराचा तो अवयव जिवंतपणींच्याप्रमाणें भरून आला. वायूची कल्पना येथें संपली. चार वर्षांनीं, १६७२ सालीं, त्यानें स्त्रियांच्या जननेंद्रियांवर दुसरा ग्रंथ लिहिला, आणि पुढच्याच वर्षीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तो वारला.

आतां प्रश्न असा उरला कीं, रक्त भरतें हें खरें. पण रक्ताला 'आतां जा' आणि 'आतां परत ये' असें सांगतो कोण? हात उचलावा असें मनांत आणलें कीं हात उचलला जातो. या अवयवाचें तसें नाहीं. तो इच्छेची आज्ञा नेहमीं मानीत नाहीं. आणि झोंपेंत, कोणाची आज्ञा नसतांही, जागा होतो. याचें कारण मज्जातंतूंच्या दोन निराळ्या जातींत आहे, आणि तें उलगडावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

१८३६ सालीं बर्लिनचे प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनीं मनुष्य व इतर सस्तन प्राणी यांच्या या अवयवाच्या मज्जातंतूंवर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. ओटीपोटांतील तंतूंच्या जाळ्यांतून निघून प्रोस्टेट ग्रंथीजवळून शिश्नाच्या स्पंजासारख्या भागांत शिरणारे अगदीं बारीक तंतु त्यांनीं शोधून काढले. १८४४ सालीं फ्रायबुर्गच्या गेऑर्ग कोबेल्ट यांनीं स्त्री व पुरुष या दोघांच्या या अवयवांची शेजारींशेजारीं तुलना करून दाखविली. १८६३ सालीं गीसेन येथें कॉनराड एकहार्ट यांनीं कुत्र्याच्या ओटीपोटांतील विशिष्ट तंतूंना विजेचा सौम्य प्रवाह लावला, आणि त्याबरोबर रक्त भरून अवयव ताठ झाला. रक्ताला हुकूम देणारा अधिकारी सांपडला. पुढें केंब्रिजच्या जॉन लँगली यांनीं इच्छेच्या ताब्यांत नसलेल्या सर्व मज्जातंतूंची व्यवस्था लाविली, आणि त्यांतील ज्या शाखेंत हे तंतु मोडतात तिला १९०५ सालीं 'पॅरासिंपथेटिक' हें नांव दिलें.

येथें थोडें थांबून ही रचना नीट समजून घेऊं. पाठीचा कणा जेथें संपत येतो तेथें त्रिकास्थि नांवाचें त्रिकोणी हाड असतें. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंपैकीं दुसरा, तिसरा व चौथा हे तीन आपल्या विषयाचे. त्यांच्यापासून दोन प्रकारचे फांटे निघतात. पहिला फांटा जाड आहे. तो ओटीपोटाच्या हाडांच्या कडेकडेनें जाऊन शिश्नाच्या पाठीवर येतो आणि उजवा व डावा असे दोन तंतु होऊन टोंकापर्यंत पसरतो. स्पर्श, उष्णता, वेदना, सुख, ही सर्व वार्ता तो मेंदूकडे नेतो. हा झाला बातमीदार. दुसऱ्या प्रकारचे तंतु केसासारखे बारीक. ते ओटीपोटाच्या आंतल्या जाळ्यांतून, प्रोस्टेट ग्रंथीच्या दोन्ही अंगांनीं खालीं उतरून, स्पंजासारख्या दोन दंडांत शिरतात आणि तेथील रक्तवाहिन्या सैल करतात. हा झाला हुकमाचा शिपाई. याखेरीज पाठीच्या वरच्या भागांतून येणारा तिसरा एक संच आहे. त्याचें काम मुख्यतः वीर्यस्खलनाचें व अवयव पुन्हां पूर्वस्थितीला आणण्याचें. बातमीदार वेगळा आणि शिपाई वेगळा, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. शिपाई मेला तरी बातमीदार जिवंत राहूं शकतो. म्हणजे ताठरता गेली तरी स्पर्शसुख राहूं शकतें. पुष्कळ रोग्यांना एवढी साधी गोष्टही कोणी सांगत नाहीं.

बातमीदाराच्या मूळ मज्जातंतूचें पाश्चात्य नांवही मौजेचें आहे. त्याला 'पुडेंडल' म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेंतील लाज वाटणें या अर्थाच्या धातूपासून आला आहे. म्हणजे हा लाजेचा मज्जातंतु. आपण 'गुह्य' म्हणतों, ते 'लज्जास्पद' म्हणत. नांव ठेवतांनाच ज्याच्यावर पडदा टाकला, त्याचा शोध लवकर लागावा कसा?

आतां हे तंतु वाढतात कसे तें पाहूं. गर्भ चार-पांच आठवड्यांचा झाला म्हणजे त्याच्या मांड्यांच्या मध्यें एक लहानसा उंचवटा दिसूं लागतो. मुलगा असो वा मुलगी, उंचवटा तोच. सुमारें नऊ आठवड्यांपर्यंत बाहेरून पाहून भेद करतां येत नाहीं. मुलग्याच्या वृषणांतून आठव्या आठवड्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन नांवाचा रस स्रवूं लागतो. त्याच्या प्रभावानें तो उंचवटा लांबतो, खालची खांच मिटून मूत्रनलिका बनते आणि शिश्न तयार होतें. तो रस नसला म्हणजे त्याच उंचवट्याचा स्त्रीचा शिश्निका नांवाचा अवयव होतो. बाह्य आकार पूर्ण होण्यापूर्वींच मज्जातंतु तेथें येऊन पोंचलेले असतात. घर बांधून झाल्यावर तारा घालाव्या तसें येथें नाहीं. भिंती वाढत असतांनाच तारा त्यांच्याबरोबर वाढत जातात. म्हणून दोघांचे अवयव भिन्न दिसले तरी त्यांच्या मज्जातंतूंची मूळ आंखणी एकच आहे. कोबेल्ट यांनीं प्रौढ शरीरांत जें साम्य पाहिलें, त्याचें कारण गर्भांत सांपडतें.

या गर्भविद्येचा एक मोठा उपयोग लहान मुलांना झाला आहे. सुमारें दोनशें ते तीनशें मुलग्यांत एकाला जन्मतः असा दोष असतो कीं, मूत्राचें छिद्र टोंकाशीं नसून खालच्या बाजूला असतें, आणि अवयवाला बांकही असतो. तो शस्त्रक्रियेनें सुधारतां येतो. परंतु टांका कोठें घालावा? १९९८ सालापासून सान फ्रान्सिस्को येथील लॉरेन्स बास्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भावस्थेंतील शिश्नाचे कागदासारखे पातळ छेद घेऊन, त्यांवरून मज्जातंतूंची पूर्ण आकृति पुन्हां उभी केली. पाठ्यपुस्तकांतील चित्रांवरून असें वाटे कीं पाठीवर दोन दोऱ्या गेल्या आहेत एवढेंच. प्रत्यक्षांत त्या दोऱ्यांना दोन्ही बाजूंनीं पंख्यासारखे फांटे फुटून ते पार मूत्रनलिकेच्या कडेपर्यंत पसरलेले निघाले. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढें आणली तर बाराच्या आंकड्यावर, अगदीं मध्यरेषेवर, मात्र मज्जातंतु नव्हता. बांक सरळ करणारा टांका त्या मध्यरेषेवर घातला तर मुलाच्या पुढील आयुष्यांतील संवेदनेला धक्का लागत नाहीं. एका मोकळ्या रेषेचें ज्ञान, पण त्यावर एका जीवाचें सबंध तारुण्य अवलंबून!

आतां मूळ कथेकडे वळूं. १९०४ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ह्यू हॅम्प्टन यंग यांनीं कर्करोगासाठीं प्रोस्टेट ग्रंथि समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली. १९४७ सालीं टेरेन्स मिलिन या आयरिश शस्त्रवैद्यानें तीच ग्रंथि पोटाच्या बाजूनें काढण्याचा मार्ग दाखविला. शस्त्रक्रिया सुधारत गेली, पण तिचे दोन दोष जाईनात. एक म्हणजे अतोनात रक्तस्राव, आणि दुसरा म्हणजे नंतरचें नपुंसकत्व. ताठरतेचे तंतु ग्रंथीच्या आंतूनच जातात, ग्रंथि काढली कीं तेही जाणारच, अशी समजूत होती. म्यूलरचा निबंध ग्रंथालयांत होताच. परंतु प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळीं तो तंतु कोठें शोधावा, तें त्यावरून कोणाला उमगलें नव्हतें.

असें कां व्हावें? पहिलें कारण प्रेताचें. प्रौढ माणसाच्या ओटीपोटांत चरबी फार. प्रेत औषधांत ठेवून घट्ट झालेलें. आणि वरच्या आंतड्यांचा भार पडून सर्व भाग चेपलेला. त्यांत केसाएवढा तंतु दिसावा कसा? दुसरें कारण रक्ताचें. शस्त्रक्रिया चालूं असतां ती जागा रक्तानें इतकी भरून जाई कीं, शस्त्रवैद्य डोळ्यांपेक्षां बोटांनींच काम करी. तिसरें कारण, माझ्या अल्पमतीप्रमाणें, लाजेचें. साठ वर्षांच्या गृहस्थानें जीव वाचल्यावर आणखी काय मागावें, असें लोकांना वाटे. आणि रोगीही मान खालीं घालून गप्प बसे. ज्या प्रश्नाची तक्रारच येत नाहीं, त्याचें उत्तर शोधावयास कोण निघणार?

जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श यांनीं प्रथम रक्तस्रावाचा प्रश्न हातीं घेतला. तेथील शिरांचें जाळें नेमकें कसें आहे तें त्यांनीं अभ्यासिलें आणि तें आधींच बांधून टाकण्याची रीत १९७९ सालीं प्रसिद्ध केली. आतां जागा स्वच्छ दिसूं लागली. त्याच काळांत त्यांच्या एका रोग्यानें शस्त्रक्रियेनंतर कांहीं महिन्यांनीं त्यांना सांगितलें कीं, माझी शक्ति पूर्ववत् आहे. ग्रंथि तर पुरी काढलेली! तंतु ग्रंथीच्या आंतून जात असते तर हें घडणें अशक्य होतें. एका रोग्यानें संकोच सोडून डॉक्टरांना खरें सांगितलें, आणि जुन्या समजुतीला तडा गेला. मला या सर्व इतिहासांत त्या अनामिक रोग्याचा वांटा फार मोठा वाटतो.

१९८१ सालच्या फेब्रुवारींत वॉल्श हॉलंडांत लायडन येथें एका परिषदेला गेले. तेथें पीटर डोंकर हे निवृत्त प्राध्यापक भेटले. निवृत्तीनंतरही ते सूक्ष्मदर्शक लावून मृत जन्मलेल्या बालकांच्या प्रेतांवर मूत्राशयाचे मज्जातंतु उकलीत बसले होते. बालकाच्या ओटीपोटांत चरबी नसते, आणि तंतु शरीराच्या मानानें जाड व स्पष्ट असतात. वॉल्श यांनीं विचारलें कीं, ताठरतेचे तंतु यांत कोठें आहेत? डोंकर यांनीं तें कधीं पाहिलें नव्हतें. दोघे लगेच कामाला लागले. तीन-चार तासांनीं उत्तर समोर होतें. तंतु ग्रंथीच्या आंतून जात नव्हते. ते तिच्या कवचाबाहेरून, मागच्या दोन कोपऱ्यांशीं, ग्रंथि व गुदाशय यांच्यामधून खालीं उतरत होते.

केसाएवढे तंतु प्रौढ माणसाच्या शस्त्रक्रियेंत दिसावयाचे नाहींत, ही अडचण उरलीच होती. परंतु त्यांच्या सोबतीनें जाणाऱ्या रक्तवाहिन्या डोळ्यांना दिसतात, हें वॉल्श यांच्या ध्यानांत आलें. रात्रीच्या अंधारांत ओढा दिसला नाहीं तरी कांठच्या झाडांच्या रांगेवरून ओळखतां येतो, त्यांतलाच हा प्रकार. रक्तवाहिन्यांची ती जुडी जपली कीं तंतु आपोआप जपले जातात. २६ एप्रिल १९८२ रोजीं वॉल्श यांनीं एका ५२ वर्षांच्या गृहस्थांवर, तंतु राखण्याच्या हेतूनें, ही शस्त्रक्रिया प्रथम केली, आणि ती सफल झाली. त्याच वर्षीं वॉल्श आणि डोंकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. म्यूलर ते वॉल्श हें अंतर १४६ वर्षांचें आहे.

आतां हुकमाचा शिपाई कोणती चिठ्ठी नेतो, हें कळावयाचें राहिलें होतें. तंतूच्या टोंकांतून कांहीं तरी पाझरतें आणि रक्तवाहिन्या सैल होतात, एवढें ठाऊक होतें. १९९२ सालीं जॉन्स हॉपकिन्समध्येंच आर्थर बर्नेट, सॉलोमन स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, ती चिठ्ठी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु. मोटारीच्या धुरांत सांपडणारा हा साधा वायु शरीरांत निरोप्याचें काम करतो, या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिद मुराद यांना १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गॅलेनचा वायु असा निराळ्या वेषांत परत आला म्हणावयाचा. मात्र तो अवयव फुगवीत नाहीं, रक्ताला वाट करून देतो.

त्याच १९९८ सालीं अमेरिकेंत सिल्डेनाफिल या औषधाला परवानगी मिळाली. त्याचें नांव आज सर्वांच्या कानांवरून गेलेलें आहे, पण त्याचें कार्य थोड्यांनाच ठाऊक असतें. हें औषध हुकूम देत नाहीं. तंतूंनीं दिलेल्या हुकमाचा परिणाम अधिक वेळ टिकवितें. दोन्ही बाजूंचे तंतु शस्त्रक्रियेंत तुटले असतील तर टिकवावयाला हुकूमच नसतो, आणि औषधाचा उपयोग फार थोडा होतो. तंतु राखण्याचें महत्त्व यावरून कळेल. येथेंच एक इशारा देतों. छातीच्या दुखण्यासाठीं जे नायट्रेटजातीचे औषध घेतात, त्यांनीं हें औषध मुळींच घेऊं नये. दोहोंच्या संयोगानें रक्ताचा दाब एकाएकीं उतरून प्राणावर बेततें. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दुकानांतून गोळी आणणाऱ्यांनीं हें नीट ऐकावें.

स्त्रियांच्या बाबतींत हा इतिहास आणखीच मंदगतीनें चालला. व्हेसॅलियससारखा, १५४३ सालीं शरीरशास्त्राचा पायाच नवा घालणारा पंडित, निरोगी स्त्रीच्या शरीरांत शिश्निका नसतेच असें म्हणत असे. द ग्राफ व कोबेल्ट यांनीं तिचें वर्णन करूनही पुढच्या ग्रंथांतून तें गळत राहिलें. १९९८ सालीं मेलबर्नच्या हेलन ओ'कॉनेल या शस्त्रवैद्य बाईंनीं प्रत्यक्ष छेदन करून त्या अवयवाचा खरा विस्तार जगापुढें मांडला. तेथील मज्जातंतूंत आठ हजार तंतु असतात असें वर्षानुवर्षें सांगितलें जाई. तो आंकडा जनावरांवरून घेतलेला निघाला. मानवी शरीरांतील तंतु प्रत्यक्ष मोजले गेले ते २०२२ सालीं, अमेरिकेंतील ओरेगॉन येथें, आणि ते दहा हजारांहून अधिक भरले. चंद्रावर मनुष्य १९६९ सालीं उतरला, आणि स्वतःच्या शरीरांतील ही मोजणी त्यानंतर अर्धशतकानें झाली.

श्रोतेहो, या हकीकतींतून घरीं घेऊन जाण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली तर रोग्यानें, आणि त्याच्या पत्नीनेंही, शस्त्रवैद्याला स्पष्ट विचारावें कीं, तंतु राखतां येतील काय? दर वेळीं ते राखतां येतात असें नाहीं. रोग कवचाबाहेर गेला असेल तर प्राण वांचविण्यासाठीं तंतु सोडावे लागतात, आणि तेव्हां तोच शहाणपणा होय. पण निर्णय कोणता व कां घेतला, हें रोग्याला आधीं कळलें पाहिजे. दुसरी गोष्ट धीराची. तंतु राखले तरी ते ताणले व दुखावले जातात, आणि पूर्ववत् होण्यास कित्येकदां दीड-दोन वर्षें लागतात. कांहींना पूर्ण गुण येतही नाहीं. पहिल्या दोन महिन्यांत निराश होऊन गप्प बसूं नये. तिसरी गोष्ट मधुमेहाची. हे बारीक तंतु व त्यांच्या सोबतच्या बारीक रक्तवाहिन्या मधुमेहानें लवकर बिघडतात. म्हणून या शक्तीचा अकाली ऱ्हास हा पुष्कळदां मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पूर्वसूचना असतो. तो केवळ वयाचा परिणाम समजून झांकून ठेवणारा मनुष्य लाज राखतो आणि जीव धोक्यांत घालतो.

लाज ही वाईट वस्तु नव्हे. चार माणसांत वागावयाची ती रीत आहे, आणि ती सुटूं नये. पण वैद्यापुढें आणि पतिपत्नींच्या एकांतांत तिचें काम नाहीं. लायडनच्या त्या खोलींत एकानें प्रश्न विचारला, आणि दुसऱ्यानें 'मीं तें पाहिलें नाहीं, चला पाहूं' असें उत्तर दिलें. त्या पूर्वीं बाल्टिमोरच्या एका रोग्यानें आपलें खासगी वृत्त डॉक्टरांच्या कानावर घातलें. एवढ्या तीन गोष्टींनीं हजारों घरांतील सुख टिकलें. आपल्या घरांतही जें विचारावयाचें तें वेळेवर विचारलें जावो, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.